केबल ट्रे: किती रुंद, किती रिकामा?

शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीत गेलात, तर छताकडे बघा. पॅनेलपासून मशीनपर्यंत जीआय पत्र्याचे ट्रे गेलेले असतात आणि त्यांवर केबल. शेडमध्ये नवी मशीन आली की तिची केबल जुन्याच ट्रेवर चढते. ‘बसतेय ना, मग टाका,’ एवढाच हिशोब. पण ट्रेत केबल बसणं वेगळं आणि तिला थंड राहता येणं वेगळं.

केबलमधून करंट वाहिला की ती तापते. करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. ही उष्णता भोवतालच्या हवेनेच न्यायची असते. केबल उसाच्या मोळीसारख्या बांधल्या तर मधल्या केबलला वाराच लागत नाही. पीव्हीसी इन्सुलेशनची मर्यादा 70 अंश सेल्सिअस, एक्सएलपीईची 90. ती सतत ओलांडली की इन्सुलेशन कडक होतं, तडकतं आणि एक दिवस शॉर्ट होतं.

आता आकडे मांडू. 50 मि.मी. व्यासाच्या सहा आर्मर्ड केबल आहेत, एकटी असताना प्रत्येकीची क्षमता 300 अँपिअर. जाळीदार ट्रेवर त्या एका थरात चिकटून ठेवल्या तर 300 मि.मी. रुंदी पुरते, पण आयईसीच्या तक्त्याप्रमाणे क्षमता 0.76 पट, म्हणजे 228 अँपिअरवर येते. दोन केबलांमध्ये एका केबलएवढी फट सोडली तर गुणक 0.91 होतो आणि 273 अँपिअर मिळतात. त्यासाठी रुंदी लागते 550 मि.मी., म्हणजे बाजारातला 600चा ट्रे. पुढच्या वाढीसाठी पाव हिस्सा जादा धरला तर 750चा.

वळणावर बहुतेकांची फसगत होते. आर्मर्ड केबल साधारण व्यासाच्या बारापटीहून कमी त्रिज्येत वाकवू नये. म्हणजे 50 मि.मी.च्या केबलला वळणाची त्रिज्या निदान 600 मि.मी. हवी. सरळ ट्रे रुंद घेतला आणि बेंड काटकोनी बसवला, तर खर्च वाया.

फाउंड्रीत आणखी एक शत्रू म्हणजे धूळ. वाळू आणि काजळीचा थर केबलवर बसला की उष्णता आतच कोंडते. झाकण लावलं तर धूळ अडते, पण हवाही अडते. म्हणून अशा ठिकाणी शिडीसारखा लॅडर ट्रे बरा. बरीचशी धूळ खाली गळून जाते. शेडबाहेर, कोल्हापूरच्या पावसात, हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड ट्रेच घ्यावा.

ट्रेची जाडी आणि सपोर्टमधलं अंतर केबलच्या वजनावरून ठरवा. रुंदी मात्र उष्णतेवरून. पुढची केबल चढवण्याआधी वायरमनला आधीच्या केबल मोजायला सांगा. जागा नसेल तर खाली 300 मि.मी. अंतर सोडून दुसरा ट्रे टाका. जळालेली केबल बदलण्यापेक्षा आणि भट्टी बंद ठेवण्यापेक्षा तो केव्हाही स्वस्त पडतो.