एक संगणक, दोन पडदे

पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके राज्यकारभाराने मध्यप्रदेशात आहेत. पण तेथील असंख्य घरांची बोली मराठी आहे. १९५६ पर्यंत नागपूर ज्याची राजधानी होते, त्या जुन्या मध्यप्रदेशात हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांना राजभाषेचा मान होता. त्या वर्षीच्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. २०२३ च्या ऑक्टोबरात छिंदवाड्यातून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा निघाला व हे दोन्ही तालुके त्यात आले. कारभाराची भाषा हिंदीच राहिली. सोयरीक मात्र आजही काटोल, नरखेड, वरूडकडे होते, आणि लग्न होऊन आलेल्या सुनेच्या पेटीत मराठी शाळेचा दाखला असतो.

तो दाखला घेऊन ती समग्र आयडीत नाव घालण्यासाठी ऑनलाइनच्या दुकानात जाते, तेव्हा काय घडते? दुकानदार कळफलकावर नाव टंकित करतो. त्याला पडदा दिसतो. अर्जदाराला मात्र दिसते ती पडद्याची पाठ. दाखल्यावर आडनाव ‘काळे’ असते, रोमन लिपीत ते ‘के-ए-एल-ई’ असे लिहिले जाते आणि त्यावरून हिंदी करताना ‘काले’ होऊन बसते. माणसाच्या कानाला दोन्ही जवळची वाटतील, परंतु संगणकाला नाही. युनिकोड पद्धतीत ल आणि ळ या अक्षरांना स्वतंत्र क्रमांक आहेत. म्हणून संगणकाच्या लेखी काले आणि काळे ही दोन वेगळी नावे ठरतात. पुढे दोन कागद ताडून पाहण्याची वेळ आली, म्हणजे हा एका अक्षराचा फरक आडवा येतो आणि दुरुस्तीसाठी खेपा सुरू होतात.

यावरचा उपाय फारसा खर्चाचा नाही. त्याच संगणकाला दुसरा पडदा, म्हणजे दुसरा मॉनिटर जोडावा, आणि अर्ज पाठवण्यापूर्वी अर्जदाराने तो स्वतः वाचावा.

जोडणीचा आरंभ संगणकाच्या पेटीच्या मागील बाजूने होतो. तेथे चित्र बाहेर पाठवणारी छिद्रे असतात. जुने, पंधरा टाचण्यांचे ते व्हीजीए. नवे व चपटे ते एचडीएमआय. एक कोपरा कापल्यासारखा दिसतो ते डिस्प्लेपोर्ट. अशी दोन छिद्रे असतील, तर बहुधा दोन पडदे चालतात. पेटीत चित्रासाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवलेले असेल, तर दोन्ही तारा त्या कार्डालाच जोडाव्यात. एक तार कार्डाला व दुसरी मूळ पाटीला जोडली, तर पुष्कळदा दुसरा पडदा काळाच राहतो आणि दोष विनाकारण मॉनिटरवर येतो.

दुकानात पडून असलेला जुना मॉनिटरही या कामाला पुरतो. मात्र त्याला केवळ व्हीजीए असेल आणि संगणकाला एचडीएमआय, तर नुसत्या तारेने भागत नाही. अंकीय संकेताचे रूपांतर करणारा छोटा कन्व्हर्टर मध्ये लागतो. एका तारेच्या दोन करणारा स्प्लिटर मिळतो, पण तो एकच चित्र दोन ठिकाणी दाखवतो. दोन वेगळी चित्रे त्यातून निघत नाहीत.

तारा जोडून झाल्यावर विंडोज प्रणालीत विंडोजची कळ धरून पी दाबावा. चार पर्याय पुढे येतात. त्यांतील दोन येथे महत्त्वाचे. ‘डुप्लिकेट’ म्हणजे दोन्ही पडद्यांवर तेच चित्र. ‘एक्स्टेंड’ म्हणजे दोन पडद्यांचे मिळून एकच रुंद मेज. एकावरची खिडकी माउसने ओढून दुसऱ्यावर नेता येते.

डुप्लिकेट सोपे वाटते, पण दुकानात ते धोक्याचे आहे. दुकानदाराच्या पडद्यावर आधीच्या गिऱ्हाइकाचे आधार, खसरा, बँकेचे पासबुक उघडे असू शकते. ते सारे समोरच्याला दिसेल. शिवाय पडद्यांचे आकार भिन्न असले, तर एकावरील अक्षरे पुसट होतात. एक्स्टेंडमध्ये केवळ त्या माणसाचा अर्ज तेवढा त्याच्याकडे सरकवता येतो. दुसरा पडदा मात्र पाठीला पाठ लावून ठेवू नये. तसे केल्यास दुकानदाराला त्यावर काय आहे हे कळणार नाही. तो मेजाच्या कडेला, दोघांनाही दिसेल असा तिरका ठेवावा. मग ‘डिस्प्ले सेटिंग्ज’मध्ये जाऊन दोन चौकोन मेजावर जसे पडदे आहेत तसेच डावे-उजवे मांडावेत, नाहीतर माउसचा बाण भलत्याच कडेने निघून जातो. समोरचा पडदा मुख्य ठरवावा, आणि तिरक्या पडद्यावरील अक्षरांचे प्रमाण सव्वापट किंवा दीडपट करावे, म्हणजे चष्मा घरी विसरलेल्या आजोबांनाही वाचता येईल.

आता सूनबाईच्या हातात मूळ दाखला आहे आणि डोळ्यांपुढे अर्ज. ल दिसताच ती सांगेल, “दादा, ल नाही, ळ पाहिजे.” दुरुस्तीला क्षणभरही लागत नाही. इनस्क्रिप्ट कळफलकावर ज्या कळीने ल उमटतो, तीच कळ शिफ्टसह दाबली की ळ उमटतो. हिंदीच्या कळफलकावरही तो आहे.

दोन पडद्यांनी काम जलद होते, असे सामान्यतः सांगितले जाते. हिशेबनीस किंवा चित्रकार यांच्यापुरते ते खरेही आहे. परंतु जेथे घरची भाषा एक आणि कचेरीची दुसरी, तेथे या योजनेचे मोल गतीत नाही. ज्याचे नाव लिहिले जात आहे, त्याला ते लिहिले जात असतानाच वाचण्याचा अधिकार मिळतो, यात ते आहे. नाव हे माणसाचे पहिले धन होय. ते दुसऱ्याच्या हातून लिहिले जाताना त्याने निदान पाहावे, एवढीच सोय हा दुसरा पडदा करतो.