ईश्वरदर्शन केव्हा आणि कसे?

स्वर्ग आहे, याविषयी ख्रिस्ती परंपरेत दुमत नाही. परंतु तेथे पोहोचलेल्या जीवाला नेमके काय लाभते, या प्रश्नावर त्या परंपरेतील थोर धर्मपंडितांनी शतकानुशतके जो वाद घातला, तो प्रकटीकरणाच्या ग्रंथातील सुवर्णमार्गांच्या आणि मोत्यांच्या वेशींच्या परिचित वर्णनाहून कितीतरी गंभीर आहे.

१३३१ साली, आव्हिन्यों येथे मुक्काम असलेले पोप बाविसावे जॉन यांनी सर्व संतांच्या सणापासून दिलेल्या प्रवचनांत असे प्रतिपादन केले, की पुण्यात्म्यांना अंतिम न्यायदिनापर्यंत ख्रिस्ताच्या मानवी रूपाचेच सान्निध्य लाभते आणि साक्षात ईश्वराचे दर्शन देहांचे पुनरुत्थान झाल्यावरच घडते. पॅरिस विद्यापीठातील धर्मपंडितांना हे मानवले नाही. कारण संत आज ईश्वरासन्मुख नसतील, तर त्यांच्या मध्यस्थीवर भिस्त ठेवणाऱ्या भाविकाने कोणत्या आधारावर प्रार्थना करावी? १३३४ च्या डिसेंबरात मृत्युशय्येवर पोपांनी आपले मत मागे घेतले, आणि त्यांच्या गादीवर आलेल्या बाराव्या बेनेडिक्ट यांनी २९ जानेवारी १३३६ रोजी जाहीरनामा काढून निवाडा दिला: पूर्ण शुद्ध झालेला आत्मा, न्यायदिनाची प्रतीक्षा न करता, ईश्वराचे सत्त्व समोरासमोर आणि कोणत्याही माध्यमावाचून पाहतो.

त्याच सुमारास पूर्वेकडील ख्रिस्तसभेत आथोस पर्वतावरील साधू ग्रेगरी पालामास यांनी मांडलेला सिद्धान्त याच्या नेमका विरुद्ध होता. ईश्वराचे सत्त्व मानवाला, आणि देवदूतांनाही, सदैव अगम्यच राहते. मात्र ताबोर पर्वतावर ख्रिस्ताच्या शिष्यांना दिसलेल्या अनिर्मित प्रकाशात जीव सहभागी होऊन ईश्वरमय होतो, ही त्यांची भूमिका १३४१ आणि १३५१ साली कॉन्स्टँटिनोपल येथील धर्मपरिषदांनी मान्य केली. चौथ्या शतकातील निस्साचे ग्रेगरी तर यापूर्वीच सांगून गेले होते, की ईश्वर अनंत असल्यामुळे त्याच्याकडे होणारी जीवाची वाटचालही अनंत असते, आणि तृप्तीच्या प्रत्येक पायरीवर नवी उत्कंठा जन्मते.

शोकाकुल माणसाने मात्र स्वर्गाकडे आणखी निराळी मागणी केली. अमेरिकेतील यादवी युद्धात घरोघरीचे तरुण कामी आल्यावर, १८६८ साली एलिझाबेथ स्टुअर्ट फेल्प्स यांनी ‘द गेट्स अजार’ या कादंबरीत घरे, संगीत आणि आप्तजनांची भेट असलेला स्वर्ग रंगविला, आणि असंख्य वाचकांनी तो हृदयाशी धरला. ज्यांनी पुत्र वा बंधू गमावला, त्यांच्या या आकांक्षेला भाबडेपणा म्हणणे निष्ठुरपणाचे होईल. उलट, इंग्रज धर्माभ्यासक एन. टी. राइट यांच्यासारखे विद्वान आग्रहाने सांगतात, की प्रकटीकरणाच्या अखेरीस नवे यरुशलेम स्वर्गातून खाली उतरते. म्हणजे अंतिम आशा पृथ्वी सोडून जाण्याची नसून तिच्या नवनिर्मितीची आहे.

या सर्वांत मला निस्साच्या ग्रेगरींचा विचार सर्वाधिक उदात्त वाटतो, कारण त्यात पूर्णत्व आणि जिज्ञासा यांचा विरोधच उरत नाही. तथापि कोणताही एक पक्ष हाच समग्र ख्रिस्ती स्वर्ग, असे वाचकाने मानू नये. इतके मतभेद असूनही, ३८१ सालच्या धर्मपरिषदेशी निगडित असलेला श्रद्धासार रोमन कॅथलिक, पौर्वात्य ऑर्थोडॉक्स आणि अनेक प्रॉटेस्टंट उपासक आजही उच्चारतात, आणि मृतांच्या पुनरुत्थानाची व येणाऱ्या युगातील जीवनाची आशा हाच त्याचा समारोप आहे.