विश्लेषण : डेटाबेसमधील ‘पेरणी’ एआय एजंटच्या हाती देताना...

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतील उद्योजक जेसन लेमकिन हे रेप्लिट कंपनीच्या एआय एजंटकडून सॉफ्टवेअर तयार करून घेत होते. कोणताही बदल करू नये, अशी सूचना असतानाही एजंटने त्यांचा वापरात असलेला डेटाबेस पुसून टाकला. त्यात १२०० हून अधिक कंपनी अधिकाऱ्यांची माहिती होती. रेप्लिटचे मुख्य कार्यकारी अधिकारी अमजद मसाद यांनी हा प्रकार अस्वीकारार्ह असल्याचे सांगत चाचणीचा आणि वापरातला डेटाबेस आपोआप वेगळा ठेवण्याची घोषणा केली. डेटाबेसला हात लावणारी साधने एजंटला द्यायची, तर त्यांची माहितीपुस्तिका कशी असावी, हा प्रश्न यातूनच येतो. ‘सीडिंग’ हे त्यातले सर्वात साधे वाटणारे साधन.

‘सीडिंग’ म्हणजे काय?

नव्या ॲपचा डेटाबेस रिकामा असतो. दुकानाचे ॲप असेल तर ग्राहक नाहीत, माल नाही, बिले नाहीत. अशा ॲपची चाचणी घेता येत नाही. म्हणून काही खोटे ग्राहक, खोट्या ऑर्डरी आणि राज्यांच्या यादीसारखी काही खरी माहिती आधीच भरली जाते. हीच पेरणी. रुबी ऑन रेल्स, लारावेल, प्रिस्मा या प्रणालींत त्यासाठी एका ओळीची आज्ञा असते.

मग धोका कुठे?

पहिला धोका दुबार पेरणीचा. शेतकऱ्यावर ती पाऊस लांबल्याने येते, इथे आज्ञा चुकून दोनदा चालवल्याने येते आणि प्रत्येक ग्राहक दोनदा दिसू लागतो. रेल्सच्या नव्या प्रकल्पात मिळणाऱ्या सीड फाइलमध्ये सुरुवातीलाच लिहिलेले असते, की हा कोड कितीही वेळा चालवला तरी निकाल तोच राहायला हवा. दुसरा धोका मोठा. काही आज्ञा पेरण्याआधी शेत साफ करतात. रेल्समधील ‘रीप्लांट’ ही आज्ञा आधी तक्ते रिकामे करते आणि मग माहिती भरते. नाव ऐकून असे काही वाटत नाही. खोट्या ग्राहकांना दिलेले ईमेल पत्ते चुकून खऱ्या माणसांचे निघाले, तर त्यांना मेल जातात ते वेगळेच. (त्यासाठी ‘एक्झाम्पल डॉट कॉम’ हे नाव १९९९ पासून राखीव आहे, पण ते वापरायला हवे.)

माणसांसाठीची पुस्तिका पुरत नाही?

नवा अभियंता अशी आज्ञा चालवण्यापूर्वी शेजारच्याला विचारतो, ‘हे कुठल्या सर्व्हरवर चालवू?’ पुस्तिकेत नसलेले बरेच काही तो कार्यालयात ऐकून शिकतो. एजंटपुढे असतो तो फक्त मजकूर. लारावेलचे उदाहरण बोलके आहे. वापरातल्या डेटाबेसवर सीडिंग करू पाहिले, तर ते ‘नक्की का?’ असे विचारते. हा प्रश्न टाळण्यासाठी ‘फोर्स’ हा पर्याय आहे आणि तो पुस्तिकेत त्याच जागी दिला आहे. माणूस तो वाचून सावध होतो. हाती घेतलेले काम पूर्ण करायला निघालेल्या एजंटला मात्र तो अडथळ्यावरचा उपाय वाटू शकतो. एकच ओळ एकाला इशारा आणि दुसऱ्याला वाट दाखवणारी ठरते.

पुस्तिकेत काय हवे?

एजंटसाठीच्या सूचना ‘एजंट्स डॉट एमडी’ नावाच्या फाइलमध्ये ठेवण्याची पद्धत २०२५ मध्ये रुळली. त्यात ‘काळजीपूर्वक वापरा’ असे लिहिण्याला काही अर्थ नाही. ‘डेटाबेसचा पत्ता लोकलहोस्ट नसेल तर थांबा आणि वापरकर्त्याला विचारा’ हे वाक्य उपयोगाचे. आज्ञा काय पुसते, हे त्या आज्ञेशेजारीच हवे, तीन पाने पुढे नको. ती पुन्हा चालवली तर काय होते, यशस्वी झाल्यावर पडद्यावर काय दिसते आणि मध्येच बिघडले तर पुढे काय करू नये, हेही सांगावे लागते. पुस्तिका फुगवूनही चालत नाही. एजंट एका वेळी ध्यानात ठेवू शकतो त्या मजकुराला मर्यादा असते आणि फापटपसाऱ्यात नेमकी महत्त्वाची ओळ हरवते.

लिहिले म्हणजे झाले?

नाही. लेमकिन यांनीही सूचना दिलीच होती. त्यामुळे कुलूप साधनातच हवे. आज्ञा एआय एजंट चालवत असल्याचे ओळखू आले, तर डेटाबेस पूर्ण पुसणारी आज्ञा प्रिस्मा अडवते आणि वापरकर्त्याची स्पष्ट संमती मागते. त्याहून सोपा उपाय म्हणजे वापरातल्या डेटाबेसचा पासवर्ड एजंटच्या हाती लागूच न देणे. लेमकिन यांची माहिती पुढे परत मिळाली. ती परत आणता येणार नाही, असे एजंटने सांगितले होते. त्यांनी स्वतः प्रयत्न केला, तेव्हा ती आली.