म्हशीची धार, हातावरचे फोड

निरवांगीसारख्या नीरेकाठच्या गावातून एखादी बाई ओपीडीत येते आणि हात पुढे करते. बोटांवर टपोरे फोड, मधोमध खळगा, काखेत अवधाण, अंगात कणकण. "धार काढता येईना, डॉक्टर." अशा वेळी मी तिच्या म्हशीचीही चौकशी करतो. सडांवर फोड आले होते का? उत्तर 'हो' असेल, तर म्हशीच्या देवीची शंका घ्यावी लागते.

नीरेपलीकडच्या सोलापूर जिल्ह्यात आणि कोल्हापुरात २००९ मध्ये या रोगाची साथ आली होती. पंढरपूरजवळच्या कासेगावात माणसांत आणि म्हशीतही हाच विषाणू सापडला. माझ्या वयाच्या लोकांच्या हातावर देवीच्या लसीचा वण आहे. ती लस ज्या व्हॅक्सिनिया विषाणूची होती, त्याचाच हा जवळचा भाऊबंद. १९७०च्या दशकाच्या अखेरीस ते लसीकरण थांबले. त्यानंतर जन्मलेल्या पिढीला त्या लसीचे संरक्षण नाही.

हा विषाणू आपल्या पेशीत तग कसा धरतो? पेशीतली असंख्य कामे 'प्रोटीन कायनेज' नावाची विकरे चालू-बंद करतात. कायनेज फॉस्फेटचा एक छोटा तुकडा दुसऱ्या प्रथिनाला जोडते. त्यासरशी ते प्रथिन कामाला लागते किंवा थांबते. माणसाच्या शरीरात अशी पाचशेहून अधिक कायनेज आहेत. बहुतेक विषाणू त्यांच्यावरच भागवतात. देवीच्या कुळातले विषाणू मात्र स्वतःची कायनेज सोबत आणतात.

त्यातले एक 'बी१'. आपल्या पेशीत 'बीएएफ' नावाचे एक राखणदार प्रथिन असते. भलत्या जागी डीएनए दिसला, की ते त्याला चिकटून बसते आणि त्याच्या प्रती निघू देत नाही. बी१ या राखणदारावर फॉस्फेट जोडते, त्याची पकड सुटते आणि विषाणू वाढू लागतो. अमेरिकेतील संशोधकांनी २००७ मध्ये हे दाखवून दिले. गंमत म्हणजे बी१शी साम्य असलेली कायनेज आपल्या पेशींतही आहेत. दुसरे 'एफ१०' याहून आगळे. त्याची ठेवण नेहमीच्या कायनेजपेक्षा बरीच वेगळी आहे, आणि ते नसेल तर नव्या विषाणूचे आवरणच तयार होत नाही.

या वेगळेपणातच औषधाची आशा आहे. आपली कायनेज एकमेकांसारखी असल्याने सरसकट सगळ्यांना रोखणारे औषध रुग्णालाच बाधेल. विषाणूच्या कायनेजची रचना नीट कळली, तर नेमके तेवढेच रोखता येईल. हे नुसते स्वप्न नाही. किडनी किंवा इतर अवयव बदललेल्या रुग्णांना सायटोमेगॅलो विषाणू फार छळतो. त्याचे 'यूएल९७' हे कायनेज रोखणाऱ्या मॅरिबाव्हिर या औषधाला २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

म्हशीच्या देवीसाठी मात्र असे औषध आज आपल्या हाती नाही. तोवर खबरदारी हाच उपाय. फोड आलेली म्हैस सगळ्यांत शेवटी पिळा. शक्यतो हातमोजे घाला आणि नंतर हात साबणाने धुवा. हातावर जखम असेल तर धार दुसऱ्याला काढू द्या. दूध उकळूनच वापरा. फोड फोडू नका, खपली ओढू नका, तो हात डोळ्याला लावू नका. अँटिबायोटिकने विषाणू मरत नाही. फोडात पू होऊन दुसरा जंतुसंसर्ग झाला तरच त्याचा उपयोग. बहुतेकांचे फोड काही आठवड्यांत बरे होतात. पण डोळ्याजवळ फोड आला, ताप उतरेना, किंवा रुग्ण गरोदर अथवा कमी प्रतिकारशक्तीचा असेल, तर लगेच दवाखाना गाठा.

आणि येताना म्हशीची हकीकत लपवू नका. दूध बंद होईल या भीतीने ती सांगितली जात नाही आणि आजार गोठ्यातून गोठ्यात फिरत राहतो. जनावरांच्या डॉक्टरांनाही त्याच दिवशी कळवा.