फरासान : एक्झिट-रिएंट्रीशिवाय बेटावरची सुट्टी



ईदची सुट्टी जवळ आली की अबकैकमधल्या आपल्या घरांत एकच चर्चा सुरू होते : चार-पाच दिवसांत जायचे कुठे? मोठी रजा तर भारतासाठी राखून ठेवलेली असते. श्रीलंका किंवा मालदीवचा बेत केला, तर आधी प्रत्येकाचा एक्झिट-रिएंट्री व्हिसा. माणशी 200 रियाल, म्हणजे चौघांच्या कुटुंबाचे 800 रियाल तिकीट काढण्याआधीच गेले! शेवटी सुट्टी दम्मामच्या मॉलमध्ये संपते आणि मुलांना हा देश म्हणजे वाळवंट आणि वातानुकूलित दुकाने एवढाच वाटतो.

म्हणून या वेळी आम्ही अशा बेटाची माहिती देत आहोत, जिथे जायला फक्त इकामा पुरतो. नाव ऐकून शेव-चिवडा आठवेल, पण हे फरासान वेगळे!

कुठे आहे?

तांबड्या समुद्रात, जिझान शहरापासून साधारण 40 ते 50 किलोमीटरवर हा द्वीपसमूह आहे. नकाशा काढून पाहा, फरासान जवळजवळ कोल्हापूरच्याच अक्षांशावर येते. म्हणजे खरेखुरे उष्ण कटिबंधातले बेट. पांढरी वाळू, प्रवाळ आणि उथळ निळे पाणी. मात्र कोकणासारखी हिरवाई शोधू नका, जमीन कोरडी आणि खडकाळ आहे.

केव्हा जावे?

नोव्हेंबर ते मार्च. उन्हाळ्यात उष्मा आणि दमटपणा दोन्ही असह्य. रमजान ईद दरवर्षी सुमारे 11 दिवस अलीकडे सरकते. 2027 मध्ये ती मार्चमध्ये आणि 2028 मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीस येते. म्हणजे हवामान सोयीचे, पण गर्दीही तेव्हाच.

कसे जावे?

अबकैक ते जिझान रस्त्याने साधारण दीड हजार किलोमीटर. लहान मुले असतील तर त्या फंदात न पडलेले बरे. दम्मामहून विमानाने जावे. थेट विमान रोज सोयीच्या वेळी मिळेलच असे नाही, रियाध किंवा जेद्दाहमार्गेही पाहावे. पुढे जिझान बंदरातून फेरीबोट, प्रवास तासा-दीड तासाचा. ही सरकारी सेवा वर्षानुवर्षे मोफत चालत आली आहे, पण जागा आधी आरक्षित करावी लागते. सगळ्यांचे मूळ इकामे जवळ ठेवावेत.

सर्वांत महत्त्वाचे

आपण बेत विमानापासून आखायला लागतो. इथे तो बोटीपासून आखावा. वारा वाढला की फेरी रद्द होते आणि मग बेटावरून निघण्याचा दुसरा सोपा मार्ग नाही. परतीची बोट आणि विमान एकाच दिवशी ठेवले, तर विमान चुकेल, तिकिटाचे पैसे जातील आणि दुसऱ्या दिवशीच्या शिफ्टला गैरहजेरी लागेल. म्हणून पाच दिवस असे वाटून घ्यावेत :

दिवस 1 : दम्माम ते जिझान, मुक्काम जिझानमध्ये.
दिवस 2 : सकाळच्या बोटीने फरासान, संध्याकाळी गावात फेरफटका.
दिवस 3 : पहाटे हरणे, नंतर होडीतून खारफुटी, दुपारनंतर समुद्रकिनारा.
दिवस 4 : अल-कस्सार हे जुने गाव पाहून बोटीने परत, मुक्काम जिझानमध्ये.
दिवस 5 : विमानाने घरी.

कामावर रुजू होण्याआधी आणखी एक दिवस हातात ठेवता आला तर उत्तम.

काय पाहावे?

इथले फरासान गझेल हे हरीण आपल्या चिंकाऱ्याचे भाऊबंद. बारामती तालुक्यात सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात ज्यांनी चिंकारा पाहिला आहे, त्यांना ते लगेच ओळखू येईल. पहाटे किंवा सूर्यास्ताच्या सुमारास मोकळ्या माळावर दिसते. 1996 पासून हे क्षेत्र संरक्षित आहे. 2021 मध्ये युनेस्कोने त्याला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला, सौदी अरेबियातील हे पहिलेच.

खारफुटीच्या जंगलाला इथे ‘अल-कंदल’ म्हणतात. आपल्याकडे त्याच जातीच्या झाडाला कांदळ म्हणतात! मुलांना हे जरूर सांगा. मार्च-एप्रिलच्या सुमारास अल-हसीस किनाऱ्यावर पोपटमाशांचे थवे येतात, त्या वेळी ‘हरीद’ हा उत्सव भरतो.

गावात मोत्यांचे व्यापारी रिफाई यांचे सुमारे शंभर वर्षांपूर्वीचे घर आणि त्याच काळातील नजदी मशीद पाहावी. घरावरचे कोरीव नक्षीकाम थक्क करणारे आहे. मशीद बांधणारा व्यापारी मोत्यांच्या धंद्यानिमित्त भारतात जात असे आणि सजावटीवर तिथली छाप आहे, असे सांगतात. त्या काळी आखातातल्या मोत्यांची मोठी बाजारपेठ मुंबईच होती. पुढे जपानी कल्चर्ड मोती आले आणि हा धंदा बसला. मशीद बाहेरूनच पाहावी, नमाजाच्या वेळी फोटो काढू नयेत.

इतिहास याहून जुना आहे. इसवी सन 144 मधील लॅटिन शिलालेखावरून इथे रोमन सैन्याची तुकडी होती असे कळते. सोपारा आणि कल्याणकडे जाणारी जहाजे याच समुद्रातून जात.

लक्षात ठेवा

- जिझान येमेनच्या सीमेजवळ आहे. निघण्यापूर्वी सुरक्षेच्या ताज्या सूचना पाहाव्यात. हा भाग जेद्दाहच्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडे येतो, त्यांचा नंबर जवळ ठेवावा.
- होडीसाठी तटरक्षकांची परवानगी लागते. ती होडीवाला काढतो, त्याला इकामे दाखवावे लागतात. लाइफ जॅकेटशिवाय मुलांना बसवू नये.
- हरणांमागे गाडी पळवू नये, प्रवाळ उचलू नये.
- जेवण मुख्यतः मासे-भात. शाकाहारी मंडळींनी दशम्या, मेतकूट आणि खाकरे बरोबर घ्यावेत.
- डासांसाठी मलम, टोपी आणि भरपूर पाणी.
- पोहताना अंगभर कपडे असावेत.

दोन-तीन कुटुंबांनी मिळून गेल्यास गाडी आणि होडी दोन्ही स्वस्त पडतात. ज्यांना येत्या ईदला जायचे आहे, त्यांनी रजेचा अर्ज आणि बोटीचे आरक्षण आतापासूनच पाहावे. परत आल्यावर आपले अनुभव आम्हाला जरूर कळवा.

शुभ प्रवास!