पैनगंगेचा काठ आणि सहस्रकुंड

हिंगोली जिल्ह्याला समुद्र नाही. त्यामुळे इथल्या मित्रमंडळींच्या पावसाळी सहली पैनगंगेकडे वळतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावणारी ही नदी हिंगोली-यवतमाळ सीमेवर इसापूर धरणात अडते. जलाशयाचा विस्तीर्ण काठ हाच इथला किनारा. पुढे नांदेड-यवतमाळ सीमेवर सहस्रकुंड येथे तिचे रुंद पात्र काळ्या बेसॉल्ट खडकावरून एकदम कोसळते आणि अनेक धारांत फुटते. इतका देखणा धबधबा या पठारी मुलखात क्वचितच आढळतो. तो पाहावा ऑगस्ट-सप्टेंबरात. उन्हाळ्यात बहुतेक उघडा खडकच दिसतो. वरच्या भागात पाऊस झाला किंवा धरणातून विसर्ग सोडला की पाणी झपाट्याने चढते. खडकही निसरडे, त्यामुळे प्रवाहात उतरणे जिवावर बेतू शकते. मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावर सहस्रकुंड नावाचेच स्थानक आहे.