खडक कापणारे दात का झिजतात?

खाणीत बोगदा कोरणाऱ्या रोडहेडर यंत्राच्या फिरत्या मुंडक्यावर शंकूच्या आकाराचे पोलादी दात बसवलेले असतात. त्यांच्या टोकाला टंगस्टन कार्बाइड असतं, म्हणजे आपल्या वर्कशॉपमधलं ‘विडिया’. त्याचे बारीक कण कोबाल्टने एकत्र बांधलेले असतात. थंड असताना हे टोक क्वार्ट्झपेक्षाही कठीण असतं. पण घर्षणाने तापलं की कोबाल्ट मऊ पडतो आणि क्वार्ट्झचे कण त्याला ओरबाडून काढतात. म्हणूनच क्वार्ट्झने भरलेल्या वालुकाश्मात दात झपाट्याने संपतात.

खरी मेख दाताच्या फिरण्यात आहे. चांगला दात आपल्या खोबणीत सतत फिरतो, चहूबाजूंनी सारखा झिजतो आणि टोकदार राहतो. धूळ-चिखलाने तो अडकला की एकाच बाजूला सपाट चट्टा पडतो. हा चट्टा खडक कापत नाही, नुसता घासतो; त्यातून उष्णता वाढते आणि उष्णतेने आणखी झीज. कोळशाच्या खाणीत तर अशा दातामागे खडकावर उमटणारी तापलेली रेघ मिथेन पेटवू शकते, आणि तिथे प्रश्न माणसांच्या जिवाचा होतो. त्यामुळे दातामागे पाण्याचा फवारा हवाच. शिवाय पाळी सुरू होण्यापूर्वी, यंत्राची वीज तोडून, प्रत्येक दात हाताने फिरवून पाहायलाच हवा.